डाव नशिबाचा, हिशेब शक्यतेचा

मे २००३. लास व्हेगासमधील बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेचा मुख्य सामना अखेरच्या टप्प्यावर येऊन ठेपला होता. ८३९ स्पर्धकांपैकी दहाच जण उरले होते. त्यांत एक होता फिल आयव्ही, वयाने तरुण परंतु कसलेला व्यावसायिक खेळाडू. दुसरा होता टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर. शंभर डॉलरांहूनही कमी शुल्काच्या एका ऑनलाइन पात्रता फेरीतून तो दहा हजार डॉलर प्रवेशमूल्याच्या या स्पर्धेत पोहोचला होता.

मनीमेकरच्या हाती एक्का आणि राणी होती, आयव्हीकडे नव्वांची जोडी. टेबलावर राणी, छक्की, राणी अशी तीन पाने उघडली आणि मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. चौथे पान नव्वी निघाले. आता आयव्हीकडे तीन नव्व्या आणि टेबलावरच्या दोन राण्या, म्हणजे ‘फुल हाउस’ झाला होता. त्याने आपल्यापुढची सगळी रक्कम डावाला लावली, मनीमेकरने ती स्वीकारली. पाचवे आणि शेवटचे पान एक्का निघाले. मनीमेकरकडे तीन राण्या आणि दोन एक्के असा मोठा फुल हाउस झाला. आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाद झाला. पुढे मनीमेकरने स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर घरी नेले.

या डावाकडे पाहणारा कोणीही ‘नशीब!’ असेच म्हणेल. ते खरेही आहे, पण ते अर्धेच खरे आहे. त्या नशिबाचे माप काढता येते, आणि ते माप काढण्याची रीत गणिताने साडेतीनशे वर्षांपूर्वी शोधून ठेवली आहे.

सात पानांचा हिशेब

चौथे पान उघडल्यावर दोघांची चार आणि टेबलावरची चार अशी आठ पाने दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना दिसत होती. ५२ पैकी ४४ पाने न दिसलेली. इतर खेळाडूंनी टाकून दिलेली पाने उपडीच राहतात, म्हणून तीही न दिसलेल्यांतच धरायची. या ४४ पानांपैकी मनीमेकरला वाचवणारी किती? उरलेली एक राणी आली असती तर चार राण्या झाल्या असत्या. तीन एक्क्यांपैकी एखादा किंवा तीन छक्क्यांपैकी एखादी आली असती तर राण्यांचा फुल हाउस झाला असता, आणि तो नव्वांच्या फुल हाउसपेक्षा वरचढ. म्हणजे एकूण सात पाने. ४४ मध्ये ७ म्हणजे सुमारे १६ टक्के.

आयव्ही त्या क्षणी ८४ टक्क्यांनी पुढे होता. मात्र तो तिथवर पोहोचला तोही योगायोगानेच. तीन पाने उघडल्यावर त्याला हवी होती ती नव्वी न दिसलेल्या ४५ पानांत दोनच होती, म्हणजे साडेचार टक्क्यांहूनही कमी शक्यता. ती नव्वी आली. नंतर १६ टक्क्यांचा एक्काही आला. एका डावात दोन दुर्मीळ गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि निकाल उलटसुलट झाला.

पोकरच्या गणिताचे सार या डावात आहे. कोणते पान येणार हे कोणालाच ठाऊक नसते. ते येण्याची शक्यता किती, हे मात्र मोजता येते. खेळाडूच्या हाती एवढेच असते.

दुर्मीळ तेवढे मोलाचे

‘टेक्सास होल्डेम’ हा पोकरचा आज सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे. त्यात प्रत्येकाला दोन पाने गुप्तपणे मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी सामाईक अशी तीन पाने एकदम, त्यानंतर एक आणि शेवटी आणखी एक उघडले जाते. खेळाडूंच्या भाषेत हे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर. एकूण सात पानांतून उत्तम पाच पानांची जुळणी ज्याची, तो मध्यावर जमलेली रक्कम, अर्थात ‘पॉट’, घेऊन जातो. प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावता येते, वाढवता येते किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडता येते.

कोणती जुळणी श्रेष्ठ हे ठरवण्यामागे साधे तत्त्व आहे: जी दुर्मीळ, ती मोठी. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून पाच पाने २५ लाख ९८ हजार ९६० प्रकारे निघू शकतात. त्यांपैकी एकाच रंगाची दहापासून एक्क्यापर्यंतची पाने, म्हणजे ‘रॉयल फ्लश’, फक्त चार प्रकारे जुळतात. चार समान पाने ६२४ प्रकारे येतात. फुल हाउस ३,७४४ प्रकारे होतो. हा आकडा सहज काढता येतो. तिय्या कशाचा हे १३ प्रकारे ठरते आणि त्या चार पानांतली तीन चार प्रकारे निवडता येतात. जोडी कशाची हे उरलेल्या १२ प्रकारे ठरते आणि तिची दोन पाने सहा प्रकारे निघतात. १३, ४, १२ आणि ६ यांचा गुणाकार ३,७४४. पाचही पाने एकाच रंगाची, म्हणजे ‘फ्लश’, ५,१०८ प्रकारे. ओळीने पाच पाने, म्हणजे ‘स्ट्रेट’, १०,२०० प्रकारे. त्याखाली तिय्या, दोन जोड्या आणि एक जोडी. निम्म्याहून किंचित अधिक वेळा, १३ लाख २ हजार ५४० प्रकारे, काहीच जुळत नाही.

दिवाळीच्या रात्री घरोघरी तीनपत्ती खेळणाऱ्यांना येथे एक गोष्ट खटकेल. पोकरमध्ये फ्लश हा स्ट्रेटपेक्षा मोठा, मग तीनपत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा कसा? उत्तर मोजणीतच आहे. तीन पाने २२,१०० प्रकारे निघतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे होतो, तर कलर १,०९६ प्रकारे. पाच पाने ओळीने जुळण्यापेक्षा एका रंगाची जुळणे अवघड. तीन पानांत नेमके उलटे. पाने बदलली की शक्यता बदलते आणि तिच्यामागोमाग नियमही बदलतो. तीनपत्तीत एका ठिकाणी मात्र परंपरेने गणितावर मात केली आहे. ट्रेल ५२ प्रकारे आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे होतो. म्हणजे प्युअर सिक्वेन्स अधिक दुर्मीळ, तरीही मान ट्रेललाच मिळतो.

जुगाराच्या टेबलावरून गणिताकडे

संभाव्यतेच्या शास्त्राचा जन्म जुगारातूनच झाला. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो हा स्वतः अट्टल जुगारी होता. फाशांच्या खेळांवर त्याने लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्याआधी १६५४ मध्ये फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे या सरदाराने ब्लेझ पास्कलपुढे एक जुना प्रश्न ठेवला होता: खेळ अर्धवट थांबला तर पणाची रक्कम कशी वाटावी? पास्कलने त्यावर पिएर द फर्माशी पत्रव्यवहार केला आणि त्या पत्रांतून नव्या शास्त्राचा पाया घातला गेला.

पास्कलने घेतलेले उदाहरण आजही समजण्यास सोपे आहे. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याची सर्व ६४ नाणी. पहिल्याचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असताना खेळ थांबला. पास्कल म्हणतो, पुढचा डाव झाला असता असे समजू. पहिला जिंकला तर ६४ नाणी त्याची. हरला तर बरोबरी होऊन ३२ त्याला मिळालीच असती. म्हणजे ३२ नाणी त्याची निश्चित आहेत. उरलेल्या ३२ वर दोघांचा समान हक्क, म्हणून त्यांतली निम्मी त्याची. वाटणी ४८ आणि १६ अशी झाली पाहिजे.

यात नवे काय होते? तोवर अशा वाटण्या झालेल्या डावांवरून केल्या जात. पास्कल आणि फर्मा यांनी न झालेल्या डावांचा हिशेब मांडला. जे घडले नाही, पण घडू शकते, त्यालाही किंमत असते आणि ती आकड्यांत सांगता येते, हा विचार क्रांतिकारक होता. पुढे विम्याचे हप्ते याच विचारावर उभे राहिले.

दोनशे द्यावेत की देऊ नयेत?

पोकरच्या खेळाडूपुढे हाच प्रश्न दर मिनिटाला उभा राहतो. समजा, त्याच्या हाती इस्पिकची दोन पाने आहेत आणि टेबलावरच्या चार पानांत इस्पिकची आणखी दोन. शेवटचे पान इस्पिकचे आले तर फ्लश होऊन डाव त्याचा. न आले तर गेला. इस्पिकची १३ पैकी नऊ पाने उरली आहेत आणि त्याला न दिसलेली पाने ४६. म्हणजे शक्यता साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. जाणते खेळाडू यासाठी एक ढोबळ नियम वापरतात. एकच पान यायचे असेल तर उपयोगी पानांच्या संख्येला दोनाने गुणावे, दोन यायची असतील तर चाराने. नऊ पानांसाठी १८ आणि ३६ टक्के. नेमके गणित साडेएकोणीस आणि ३५ सांगते. मनातल्या मनात करायच्या हिशेबासाठी एवढा फरक चालतो.

पण शक्यता कळली म्हणून निर्णय होत नाही. तिची तुलना कशाशी करायची, हा खरा प्रश्न. समजा, पॉटमध्ये ८०० रुपये आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने २०० लावले. आता १,००० रुपये मिळवण्यासाठी २०० द्यायचे आहेत. हाच डाव ४६ वेळा तंतोतंत असाच खेळला गेला तर सरासरीने नऊ वेळा फ्लश लागेल आणि ९,००० रुपये मिळतील. ३७ वेळा लागणार नाही आणि ७,४०० रुपये जातील. शिल्लक १,६०० रुपये, म्हणजे दर डावाला सुमारे ३५ रुपयांचा फायदा. पाच वेळांपैकी चार वेळा हरूनही हा सौदा किफायतशीर ठरतो.

आता प्रतिस्पर्ध्याने २०० ऐवजी ६०० लावले असे समजा. मिळणार १,४००, द्यायचे ६००. नऊ वेळा १२,६०० मिळतील आणि ३७ वेळा २२,२०० जातील. दर डावाला सुमारे २०९ रुपयांचा तोटा. पाने तीच, शक्यता तीच. किंमत बदलली आणि शहाणपणाचा निर्णय उलटा झाला. ‘माझी पाने चांगली आहेत का?’ हा नवख्याचा प्रश्न असतो. ‘या किमतीला ती परवडतात का?’ हा जाणत्याचा.

प्रतिस्पर्ध्यालाही हे गणित ठाऊक असते, म्हणून खेळात हुलकावणी येते. पॉटएवढीच रक्कम लावणाऱ्याने तीनांपैकी एका वेळी पोकळ पानांवर ती लावली, तर समोरच्याने रक्कम स्वीकारली काय आणि पाने टाकली काय, त्याला सरासरीने सारखेच पडते. हुलकावणी हा केवळ धीटपणाचा भाग नसून तिचेही प्रमाण असते, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने ‘गेम थिअरी’ मांडताना पोकरच्याच आधारे दाखवले. त्या विचाराचा एक टप्पा जानेवारी २०१७ मध्ये गाठला गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमस सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने पिट्सबर्ग येथे २० दिवसांत १ लाख २० हजार डाव खेळून चार निष्णात व्यावसायिकांना हरवले. यंत्राला ना चेहरा वाचता येत होता, ना त्याला भीती वाटत होती. त्याच्याकडे होती ती फक्त प्रमाणाची अचूक जाण.

पत्त्यांना स्मरण नसते

माणसाचे मन मात्र अशा प्रमाणांना सहजी शरण जात नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला. ‘आता तरी लाल येईलच’ या खात्रीने लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि बुडाले. चक्राला आधीचे फेरे आठवत नाहीत. लाल येण्याची शक्यता सव्विसाव्या फेरीलाही तेवढीच होती, जेवढी पहिल्या फेरीला.

पोकरच्या टेबलावर हाच भ्रम ‘आज पाने येत नाहीत, आता येतील’ या रूपात वावरतो. पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ मध्ये एक. याचा अर्थ २२१ डावांत ती एकदा येईलच असा नव्हे. २२१ डाव खेळूनही एकदाही ती न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. ३०० डावांनंतरही चारांतल्या एकाला ती मिळालेली नसते. पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात. कोणाचे देणे बाकी आहे हे त्यांच्या गावीही नसते.

आणि ती जोडी आली तरी? एका प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही पानांसमोर एक्क्यांची जोडी अखेरपर्यंत सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. नऊ जण शेवटपर्यंत टिकले तर मात्र ती जेमतेम ३१ टक्के वेळा जिंकते. खेळातली सर्वोत्तम पाने हातात असताना दहांत सात वेळा हरण्याची तयारी ठेवावी लागते. हे न कळणारा खेळाडू हरला की चिडतो, चिडला की हिशेब सोडतो आणि गमावलेले एकाच डावात परत मिळवू पाहतो. बहुतेक पैसा याच घटकेला जातो.

दीर्घकाळ कोणाचा?

‘चार डाव हरलो तरी दीर्घकाळात गणित माझ्या बाजूने आहे’ या वाक्यात तथ्य आहे. याकोब बर्नुली याचा १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेला सिद्धान्त हेच सांगतो: प्रयोग जितके अधिक, तितकी सरासरी खऱ्या शक्यतेच्या जवळ. परंतु तिथवर पोहोचायला दोन गोष्टी लागतात आणि बहुतेकांकडे त्या नसतात.

पहिली म्हणजे तग धरण्याइतका पैसा. दोघे अगदी समसमान खेळतात, दर डावाला सारखीच लहान रक्कम लावतात आणि एकाचे सर्व पैसे संपेपर्यंत थांबत नाहीत असे समजू. एकाकडे १,००० रुपये आहेत, दुसऱ्याकडे ९,०००. कौशल्यात काडीचा फरक नसतानाही कमी पैसेवाला कफल्लक होण्याची शक्यता ९० टक्के आहे. निव्वळ चढउतार त्याला आधी संपवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळवणाऱ्याचा वाटा. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, म्हणून एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा असे वाटते. प्रत्यक्षात कॅसिनो किंवा खेळवणारी कंपनी पॉटमधून काही भाग कापून घेते. समजा, सहा जण प्रत्येकी ५,००० रुपये घेऊन बसले आणि दर डावाला सरासरी ४० रुपये कापले गेले. १०० डावांनंतर टेबलावरच्या ३०,००० पैकी ४,००० रुपये कोणीही न जिंकता नाहीसे झालेले असतात. त्यामुळे इतरांहून थोडे चांगले खेळणे पुरत नाही. कापली जाणारी रक्कम भरून काढण्याइतके सरस असावे लागते. मधल्या फळीतला, स्वतःला बरा समजणारा खेळाडू या टेबलावरून बहुधा हरूनच उठतो, आणि तरीही आपण नशिबाने हरलो असे मानतो.

मनीमेकरच्या विजयानंतर ‘आपल्यालाही जमेल’ या भावनेने जगभर लाट आली. मुख्य स्पर्धेतील प्रवेश २००३ मधील ८३९ वरून २००४ मध्ये २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३ वर गेले. जिंकणारा दर वर्षी एकच होता. त्याचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. रिकाम्या हाती परतलेल्या हजारोंचे कोणी काढले नाही. शक्यतेचा अंदाज चुकण्याचे हेही एक कारण आहे: जिंकलेले दिसतात, हरलेले दिसत नाहीत.

कौशल्य की नशीब?

भारतात हा वाद न्यायालयांतही दीर्घकाळ चालला. १८६७ च्या जुगारविषयक कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. गोव्यात पणजीजवळ मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना त्या राज्याच्या स्वतंत्र कायद्याने मुभा दिली. ऑनलाइन खेळांपुरता हा भेद संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मोडीत काढला. त्या वेळी संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घातली. त्याला न्यायालयांत आव्हानही दिले गेले.

गणिताच्या दृष्टीने ‘कौशल्य की नशीब’ हा प्रश्नच अपुरा आहे. एक डाव पाहिला तर पोकर जवळजवळ नशिबाचा खेळ आहे. लाख डाव पाहिले तर तो कौशल्याचा आहे. लिब्राटसने ते सिद्ध केले. शनिवारी रात्री मोबाइलवर पन्नास डाव खेळणारा माणूस यांपैकी कोणत्या टोकाला उभा असतो हे वेगळे सांगायला नको. कौशल्याचे आश्वासन त्याला लाख डावांच्या हिशेबाने दिले जाते आणि घरखर्चाचे पैसे मात्र पन्नास डावांत जातात.

हे गणित पत्त्यांपुरते नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या यशाची शक्यता ८४ टक्के सांगितली, हवामान खात्याने पावसाची शक्यता वर्तवली, एखाद्या योजनेने परताव्याचे आकडे दाखवले की प्रत्येक जण नकळत त्याच टेबलावर बसलेला असतो. तेव्हा शक्यता किती, त्यासाठी मोजावी लागणारी किंमत किती आणि विपरीत घडलेच तर सोसण्याची ताकद किती, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

फिल आयव्हीने २००३ च्या त्या डावात ८४ टक्के शक्यता आपल्या बाजूने असताना सर्व काही पणाला लावले आणि तो हरला. त्याचा निर्णय चुकीचा नव्हता. तेच पान पुन्हा शंभर वेळा उघडले असते, तर त्याने सरासरी ८४ वेळा बाजी मारली असती. त्याच्या वाट्याला मात्र उरलेल्या सोळांतली एक आली. ती यायचीच नाही असे गणिताने कधीही म्हटले नव्हते.